बंदिश कुणाची, तेही सांगा : संगीत महोत्सवांच्या आयोजकांना आणि निवेदकांना खुलं पत्र

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या शास्त्रीय संगीत महोत्सवांचे आयोजक, संगीत सभांचे पदाधिकारी, मंचावरचे निवेदक आणि मैफलींची चित्रमुद्रणं यूट्यूबवर चढवणारे सर्व जण यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या कार्यक्रमपत्रिका आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो. गायकाचं नाव असतं, गुरूंचं असतं, तबला, संवादिनी, तंबोऱ्यावरचे शिष्य, ध्वनिव्यवस्था, मंडप, फुलांची सजावट, दीपप्रज्वलनाला आलेले पाहुणे, सगळे असतात. असावेतच. पण गायक पाऊण तास जी चीज, म्हणजे राग-तालात बांधलेली बंदिश, मांडतो ती मुळात बांधली कुणी, हे पत्रिकेत नसतं. निवेदकाच्या वहीतही नसतं. मग तेच मुद्रण यूट्यूबवर येतं तेव्हा खाली ‘पारंपरिक’ असा शिक्का पडतो, नाहीतर गाणाऱ्याचंच नाव रचनाकार म्हणून झळकतं.

मागणी छोटी आहे. रागाचं आणि तालाचं नाव जिथे जिथे सांगता, तिथे रचनाकाराचंही सांगा. हे कसं जमवायचं, कुठे फसतं आणि श्रोत्याला त्यातून काय मिळतं, त्यासाठी हे लांबलेलं पत्र.

नाव सांगण्याची रीत मराठी माणसाला नवी नाही. ‘तुका म्हणे’ ऐकलं की अभंग कुणाचा हे शेंबडं पोरही सांगतं. नामा, जनी, एका जनार्दनी, शेवटच्या चरणात सही ठरलेली. ‘अवघा रंग एक झाला’ किशोरीताई आमोणकरांच्या चालीत हजारदा ऐकलेल्यांपैकी काही जण ते चोखोबांचं मानतात. शेवटच्या ओळीतलं ‘म्हणे चोखियाची महारी’ कान देऊन ऐकलं की ते सोयराबाईंचं आहे हे कळतं. सही नसली की काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. ‘इंद्रायणी काठी’ मैफलीच्या शेवटी सुरू झालं की सभागृह हात जोडतं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, १९५३च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटातली. ते संतांचं नाही म्हणून कुणाची भक्ती कमी होणार नाही, पण दोन मोठ्या माणसांचं श्रेय मात्र इंद्रायणीत बुडतं. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’चंही तसंच. नामदेवांचं नाव आपसूक येतं, चाल बांधणाऱ्या राम फाटकांचं निवेदकाने आठवून घेतलं तरच.

जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचे पहिले शब्द छापलेले असत. मूळ रचनाकाराचं नाव तिथेही नसे, पण सूर कुठून उचलला याची उघड कबुली असे. आपण त्याच्याही मागे गेलो आहोत. मूळ चिजेचे शब्दसुद्धा आता छापत नाही, नुसतं ‘राग यमन’ लिहून मोकळे होतो.

रचनाकाराला आपल्याकडे शब्दही अस्सल आहे : वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त त्याची व्याख्या केली. शब्दांना ‘मातु’, स्वररचनेला ‘धातु’, आणि दोन्ही ज्याचं तो वाग्गेयकार. दुसऱ्याच्या धातूवर आपले शब्द बसवणाऱ्याला त्याने वेगळं नाव दिलं, ‘कुट्टिकार’. त्या हिशेबाने आपले बरेचसे नाट्यपदकर्ते कुट्टिकार ठरतात. रागावू नका, ही पदवी दौलताबादेहून आलेली आहे. गंमत बाजूला ठेवली तरी ही वाटणी आज फार कामाची आहे, कारण आपला तक्ता भरताना शब्द कुणाचे आणि चाल कुणाची हे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात.

आता मुख्य अडचण. ‘बंदिशीत मुद्रा, म्हणजे रचनाकाराने शब्दांत गुंफलेलं आपलं टोपणनाव, असतेच की, ती ऐकून नाव लिहू’ असं वाटतं. तसं करू नका. मुद्रा हा पुरावा आहे, निकाल नव्हे. का, ते मोजून दाखवतो. काही रचनाकारांच्या मुद्रा घ्या. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. सदारंग : स एक, दा दोन, रं दोन, ग एक, एकूण सहा. अदारंग, सहा. प्रेमपिया, सहा. प्राणपिया, दरसपिया, सजनपिया, सहा. गुणीदास, गुणीजान, सहा. रामरंग, भावरंग, सहा. मनरंग, दिलरंग, सबरंग आणि दिनरंग पाच मात्रांचे, पण गाताना एक स्वर लांबवला की तेही सहाच्या घरात बसतात. म्हणजे अंतऱ्यात, चिजेच्या दुसऱ्या भागात, एका रचनाकाराचं नाव काढून तिथे दुसऱ्याचं बसवलं तर छंद अडखळत नाही, ताल हलत नाही, यमकसुद्धा बिघडत नाही. भिंतीतली एक वीट काढावी आणि त्याच मापाची दुसरी लावावी तसं. सदारंगाचं अदारंग व्हायला तर एक व्यंजन गळलं की पुरे, आणि ‘स’ हा काही फार जोराने उच्चारायचा वर्ण नव्हे. दोनशे-अडीचशे वर्षं तोंडी चाललेल्या विद्येत असं किती वेळा झालं असेल याचा अंदाज करा. कधी चुकून, कधी गुरूला वाहायचं म्हणून, कधी स्वतःची रचना खपावी म्हणून तिच्यावर सदारंगांचं नाव घालून.

फसायच्या जागा आणखी आहेत. बऱ्याच चिजांत ‘मोहम्मदशा रंगीले’ येतं. मोहम्मदशहा हा दिल्लीचा बादशहा, १७१९ ते १७४८ गादीवर. त्याच्या दरबारातले बीनकार, म्हणजे रुद्रवीणावादक, नियामतखाँ म्हणजेच सदारंग, आणि आपल्या रचनांत त्यांनी आश्रयदात्याचं नाव स्वतःच्या नावाशेजारी बसवलं. तेव्हा नुसतं बादशहाचं नाव ऐकून ‘रचना : मोहम्मदशहा’ असं लिहिणं म्हणजे अर्पणपत्रिका वाचून त्यातल्या माणसालाच लेखक समजणं.

तिसरी जागा साध्या शब्दांची. ‘चतुर’ ही विष्णु नारायण भातखंड्यांची मुद्रा. रागाची लक्षणं सांगणारी त्यांची लक्षणगीतं या नावाने आहेत. पण ‘चतुर सुघर’ ही जोडी जुन्या चिजांत पैशाला पासरी सापडते, तिथला चतुर म्हणजे निव्वळ शहाणा नायक. ‘सुजान’ ही श्रीकृष्ण रातंजनकरांची मुद्रा. आग्रा घराणं आपलं मूळ ज्या हाजी सुजानखाँपाशी नेतं त्यांच्याही नावात तेच, आणि ब्रजभाषेत सुजान म्हणजे जाणता, हा अर्थ तर रोजच्या वापरातला. ‘सबरंग’ ही बडे गुलाम अली खाँसाहेबांची सही, पण होरीत सगळे रंग उधळायचे म्हटले तरी ‘सब रंग’च म्हणावं लागतं. संदर्भ न पाहता शब्द पकडला की खुशाल चुकीचं नाव छापून येतं.

शेपटावरून घराणं ओळखण्याची युक्तीही अर्धीच खरी. ‘पिया’ म्हणजे आग्रा-अत्रौली, असं म्हणायची पद्धत आहे. प्रेमपिया म्हणजे बडोद्याचे फैयाजखाँ, दरसपिया म्हणजे त्यांचे सासरे महबूबखाँ, प्राणपिया म्हणजे विलायतहुसेनखाँ, सजनपिया म्हणजे खादिमहुसेनखाँ, इथवर ठीक. पण कदरपिया आणि सनदपिया ठुमरीच्या दुनियेतले, आणि अख्तरपिया तर लखनौचा नवाब वाजिद अली शहा.

आणि पुष्कळ चिजांत मुद्राच नसते. यमनची ‘एरी आली पिया बिन’ घ्या. महाराष्ट्रात संगीत शिकायला बसलेल्यांपैकी निम्म्यांची ती पहिली छोट्या ख्यालाची चीज असेल. शिकवल्या जाणाऱ्या पाठात कुणाची सही नाही. अशा वेळी ‘पारंपरिक’ लिहू नका, ‘रचनाकार अज्ञात’ लिहा. दोन्हींत फरक आहे. ‘पारंपरिक’ म्हटलं की ती आपोआप उगवली असं वाटतं. ‘अज्ञात’ म्हटलं की कुणीतरी एक माणूस होता, त्याचं नाव आपण हरवलं, हे निदान नोंदलं जातं.

तुम्ही विचाराल, नाव कळून श्रोत्याला फरक काय पडतो? गाणं आवडलं, झालं. फरक पडतो, कारण रचनाकाराचा हात ऐकू येतो आणि एकदा ऐकू यायला लागला की तो पुढच्या मैफलीत शोधावासा वाटतो.

आधी मुखड्याचं, म्हणजे चिजेच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या पहिल्या तुकड्याचं, बघा. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन साठ सेकंदांचं धरलं, तर एका मात्रेला पाच सेकंद मिळतात. मुखडा बहुतेक वेळा शेवटच्या मात्रेत उचलायचा असतो. म्हणजे रचनाकाराला पाच सेकंदांत, पाच-सात अक्षरांत, रागाची ओळख पटवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उतरायचं आहे. उलट द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला की सोळा मात्रांचं अख्खं आवर्तन चार सेकंदांत संपतं. मध्यलयीत नवव्या मात्रेपासून उठणाऱ्या मुखड्याला आठ मात्रांची धाव मिळते, बाराव्यापासून उठणाऱ्याला पाच, सातव्यापासून उठणाऱ्याला दहा. कुठून उठायचं आणि समेवर कुठलं अक्षर ठेवायचं, ही निवड रचनाकाराची. समेवर आकारान्त अक्षर असेल तर आवाज उघडा राहतो आणि आलापाला दार मिळतं. तिथे ‘त’ किंवा ‘क’ आला की ठोका बसतो आणि लयकारीला आमंत्रण जातं. मुखडा लांबट झाला आणि गायक तानेतून उशिरा परतला, की मुखड्याची अक्षरं गिळली जातात. मग सम गाठली तरी चीज लंगडते. चांगल्या रचनाकाराचा मुखडा मधूनही पकडता येतो. गवई मंडळी ज्याला ‘चीज गळ्याला बसते’ म्हणतात त्याच्या मुळाशी हाच हिशेब असतो.

आता काही नावं, आवडीनिवडीसकट.

सदारंगांवर लोकांचा जीव का, तर शब्द मोजके आणि प्रसंग पुरा. बीनकाराचा हात आहे, त्यामुळे स्वराला थांबायला जागा ठेवलेली असते. बाकी त्यांच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे थांबतो.

प्रेमपिया ऐकायचे ते बोलांसाठी. जयजयवंतीतली ‘मोरे मंदर अब लौं नहीं आए’ आठवा. साधी तक्रार, बोलण्याच्या सुरातली. तीच ओळ निरनिराळ्या ठिकाणी तोडून लयीशी खेळवली की दर वेळी तक्रारीचा रोख बदलतो. ‘मोरे’वर वजन दिलं तर हक्क, ‘अब लौं’वर दिलं तर उशीर, ‘नहीं’वर दिलं तर हताशा. बोलबनावाला, म्हणजे शब्द असे फिरवून अर्थ खुलवण्याला, इतकी जागा देणारा माणूस स्वतः गवई असणार, हे नाव न सांगताही कळावं. पण नाव सांगितलं की त्याच सहीच्या इतर चिजांकडे श्रोता वळतो, आणि आम्हाला हवं आहे ते हेच.

रातंजनकरांची तऱ्हा वेगळी. ‘अभिनव गीतमंजरी’चे तीन भाग पाहिले की ध्यानात येतं, हा माणूस अस्थाईच्या, म्हणजे चिजेच्या पहिल्या भागाच्या, दोन ओळींत रागाचं चलन उलगडून ठेवतो. अप्रचलित राग शिकायचा तर आधी त्यांची चीज पाठ करावी, मग आलाप आपोआप रुळावर राहतात. त्यांच्यावर कोरडेपणाचा आरोप होतो. काही चिजांबाबत तो खरा आहे, शिक्षकाची छडी मधूनच दिसते. पण कर्नाटक पद्धतीतला वर्णम हा रचनाप्रकार हिंदुस्थानीत आणणारा आणि सालगवराळीसारखा राग बांधणारा माणूस नुसता मास्तर नव्हता.

अलाहाबादच्या रामाश्रेय झांची, म्हणजे ‘रामरंग’ यांची गोडी भाषेत आहे. ‘अभिनव गीतांजली’च्या पाच भागांत प्रत्येक रागाची चर्चा आणि मग चिजा, असा थाट. त्यांची ब्रज-अवधी ओळ मोडून गायली तरी अर्थ मोडत नाही, कारण शब्द मुळात तालाच्या खंडांवर पडलेले असतात. महाराष्ट्रातले गायक त्या चिजा आता सर्रास गातात आणि निवेदनात त्यांचं नाव क्वचित येतं. ते २००९ साली गेले. म्हणजे ‘जुनी पारंपरिक बंदिश’ म्हणून ज्या ऐकवल्या जातात त्यांतल्या काहींचा कर्ता परवापरवापर्यंत हयात होता.

जगन्नाथबुवा पुरोहित, ‘गुणीदास’. जोगकौंस आज इतका रुळला आहे की नव्या श्रोत्याला तो तानसेनाच्या काळचा वाटतो. तो बुवांनी विसाव्या शतकात प्रचारात आणला. राग नुसता जाहीर करून चालत नाही, त्याला चालवणाऱ्या चिजा लागतात. ‘सुघर बर पाया’ आणि ‘पीर पराई जाने नाही’ या दोन चिजांनी ते काम केलं. राम मराठे, माणिक वर्मा, जितेंद्र अभिषेकी, सी. आर. व्यास असे शिष्य लाभले हेही खरंच, पण शिष्य गातात ते पकड असलेलं असावं लागतं. गुरूच्या मुद्रेतला ‘गुणी’ व्यासबुवांच्या ‘गुणीजान’मध्ये उतरला, मुद्रा कधीकधी वंशावळही सांगते ती अशी.

कुमार गंधर्वांवर जरा रेंगाळतो, कारण नाव आणि संदर्भ न सांगण्याने सगळ्यात जास्त नुकसान त्यांच्या चिजांचं होतं. १९६५ साली ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग आला. त्यातल्या चिजांत सासू-नणंदेची आणि पियाची ठरलेली माणसं कमी, माळव्यातली रोजची जास्त. त्यांच्या मधसुरजा रागातली ‘बचा ले मोरी माँ’ ही चीज घ्या. संदर्भ ठाऊक नसेल तर ती देवीची सर्वसाधारण आळवणी वाटते. प्रत्यक्षात ती बळी द्यायला नेलेल्या बकरीच्या तोंडी आहे. पिल्लू घरी एकटं आहे, म्हणून ती देवीकडे जीव मागते. ज्या देवीसमोर कापायचं तिलाच आई म्हणून साकडं. हे कळल्यावर ‘माँ’ ही हाक पूर्वीसारखी ऐकूच येत नाही. निवेदकाने दोन वाक्यं बोलायची, बस. गांधी मल्हार १९६९च्या गांधी जन्मशताब्दीसाठी बांधला, हेही एका वाक्याचं काम. दोन वाक्यं वाचवून आपण काय साठवतो, कोण जाणे.

बायकांच्या रचना हा विषय स्वतंत्र पत्राचा. ख्यालातली नायिका दोन-अडीच शतकं बहुतांशी पुरुषांनी लिहिली. प्रभाताई अत्र्यांच्या मारुबिहागातल्या ‘जागूं मैं सारी रैना’ला आणि कलावतीतल्या ‘तन मन धन’ला रसिकांनी डोक्यावर घेतलं, आणि गंमत अशी की त्या चिजा इतक्या पसरल्या की दुसरं कुणी गायलं तर रचना प्रभाताईंची हे सांगायचं राहून जातं. ‘सहेला रे’ किशोरीताईंनी गायलं हे सगळ्यांना ठाऊक. बांधलंही त्यांनीच, हे किती जणांना?

दक्षिणेत हे प्रश्न फारसे पडत नाहीत. तिथल्या सभांत कृती, राग, ताल आणि रचनाकार ही चौकट पक्की आहे. श्रोता ‘आज दीक्षितर ऐकले’ असं म्हणतो. त्यागराज, गुरुगुह (दीक्षितर), श्यामकृष्ण (श्यामा शास्त्री) या मुद्रा लोकांच्या तोंडी आहेत. जाता जाता, त्यागराज ज्या तिरुवैयारूत राहिले ते तंजावरच्या मराठी राजांच्या मुलखातलं. तिकडे रचनेचा बराच भाग ठरलेला असतो, आपल्याकडे बंदिश म्हणजे विस्ताराचं बीज, म्हणून रचनाकाराला कमी महत्त्व, असा युक्तिवाद होतो. बीज म्हणता ना? मग झाड कशाचं ते बियाणं देणाऱ्यालाच विचारावं लागेल.

आता तुमच्या कामाचं. कलाकाराला निश्चितीचं पत्र पाठवता तेव्हाच सोबत एक पानी तक्ता जोडा. रकाने सात : राग, ताल व लय, बंदिशीचे पहिले चार शब्द, शब्द कुणाचे, स्वररचना कुणाची, मुद्रा असल्यास कोणती, चीज कुणाकडून मिळाली. शेवटचा रकाना महत्त्वाचा. नावाबद्दल वाद असला तरी ‘अमुक गुरूंकडून’ ही नोंद पुढे शोध घेणाऱ्याला धागा देते.

बहुतेक गवई राग आयत्या वेळी ठरवतात आणि तो त्यांचा हक्क आहे. तेव्हा तक्ता रिकामा परत आला तर कपाळाला आठ्या नकोत. मागे तंबोऱ्यावर बसणारा शिष्य हा तुमचा माणूस. कार्यक्रमाआधी त्याच्याशी बोला, विंगेत कोरा तक्ता आणि पेन ठेवा. मध्यंतरात किंवा गाणं संपल्यावर तो पाच मिनिटांत भरतो, एखादा खुलासा लागलाच तर गुरुजींना तिथेच विचारतो. पुढच्या कलाकाराची ओळख करून देण्याआधी निवेदकाने पंधरा सेकंदांत वाचावं : ‘आत्ता आपण ऐकलंत, जोगकौंस, द्रुत तीनताल, पीर पराई जाने नाही, रचना गुणीदास म्हणजे पंडित जगन्नाथबुवा पुरोहित.’ मुद्रा आणि खरं नाव दोन्ही सांगा, नाहीतर गुणीदास हे कुणी संतकवी होते असा समज व्हायचा.

कलाकाराने ‘आमच्या घराण्याची चीज आहे, बाहेर द्यायची नाही’ म्हटलं तर आग्रह सोडा. तुम्हाला चीज नको आहे, कर्त्याचं नाव हवं आहे. एवढं समजावलं की बहुधा अडचण येत नाही. कलाकार स्वतःची रचना गाणार असेल तर तो संकोचाने सांगत नाही, सरळ विचारा. दोन परंपरा दोन नावं सांगत असतील तर दोन्ही छापा. एकच शब्द, पण चाल घराण्यागणिक वेगळी, असंही पुष्कळ असतं. तिथे ‘ग्वाल्हेर पाठ’ किंवा ‘आग्रा पाठ’ असं जोडलं की पुरे.

पडताळणीसाठी जवळच्या ग्रंथालयात सुरुवात करा : भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग, विनायकराव पटवर्धनांचा ‘रागविज्ञान’, आणि वर उल्लेखलेले रातंजनकर, रामरंग, कुमारजींचे संग्रह. अनुक्रमणिकेत राग काढा, पहिले शब्द जुळवा, मग अंतरा शेवटपर्यंत वाचा. क्रमिक मालिकेत चीज सापडली म्हणजे ती भातखंड्यांची झाली असं नव्हे. बहुतेक त्यांनी उस्तादांकडून मिळवलेल्या आहेत. ही चूक छापील पत्रिकांतही दिसते. नक्की झालेल्या नावापुढे काही नको, ऐकीव असेल तर ‘परंपरेनुसार’ जोडा, काहीच नसेल तर ‘अज्ञात’.

चित्रमुद्रण चढवणाऱ्यांसाठी. खालच्या मजकुरात प्रत्येक चिजेची वेळ, राग, ताल, पहिले शब्द, रचनाकार, अशी एकेक ओळ द्या. स्पॉटिफायसारख्या ॲपवर ध्वनिमुद्रण पाठवताना ‘कम्पोझर’चा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून घाईत ‘ट्रॅडिशनल’ टाकलं जातं आणि ते एकदा गेलं की पुढच्या सगळ्या याद्यांत तेच उमटत राहतं. तुमच्याकडे असतो तो आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक त्या ध्वनिमुद्रणाचा. रचनेचा क्रमांक वेगळा, आयएसडब्ल्यूसी. पहिला घेतला म्हणजे रचना नोंदली गेली, हा गैरसमज सार्वत्रिक आहे. हयात रचनाकारांनी आणि दिवंगतांच्या वारसांनी आयपीआरएसकडे, म्हणजे रचनाकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे, रचना नोंदवाव्यात, आणि तुम्ही त्यांना तसं सुचवावं.

कायदाही तुमच्या बाजूचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात रचनाकार ठरायला स्वरलेखन केलेलं असणं सक्तीचं नाही, आणि कलम ५७ कर्त्याला आपलं कर्तृत्व सांगण्याचा हक्क देतं. मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. फैयाजखाँ १९५०मध्ये गेले, त्यांची मुदत २०१०ला संपली. जगन्नाथबुवांच्या रचना २०२८ अखेरपर्यंत, रातंजनकरांच्या २०३४, कुमारजींच्या २०५२, रामरंग यांच्या २०६९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. मैफलीत चीज गाऊ नये असं कुणाचंच म्हणणं नाही. मुदत संपलेल्याचं नाव घ्यायलाही पैसे पडत नाहीत.

हिवाळी महोत्सवांच्या पत्रिका दिवाळीच्या आगेमागे छापायला जातात. त्याआधी एका बैठकीत हा सात रकान्यांचा तक्ता मंजूर करा, आणि पहिल्या वर्षी निम्मे रकाने ‘अज्ञात’ने भरले तरी तसेच छापा. श्रोत्यांतला कुणी ना कुणी मध्यंतरात चहाचा कप घेऊन येईल आणि सांगेल, ‘अहो, ही तर अमक्यांची.’ त्याच्यासाठी विंगेतल्या पेनाला टोपण लावून ठेवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मागच्या रांगेत अंतऱ्याकडे कान लावून बसणारे काही श्रोते